फाइल कोणाच्या नावावर आहे?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा-अपडेट्स थांबवली. लातूरच्या ट्युशन एरियातलं ऑनलाइन सेंटर असो, नांदेडच्या वजिराबादेतलं झेरॉक्सचं दुकान असो की एखाद्या शाळेचं कार्यालय, जिथे आठ-दहा वर्षांपूर्वीचे संगणक आहेत तिथे एकच प्रश्न उभा राहिला: या मशीनचं आता करायचं काय? विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. जुन्या मशीनमध्ये बहुधा तो नसतो. मग नवा सीपीयू येतो, जुन्यातली हार्डडिस्क काढून त्याला जोडली जाते आणि डेटा उचलायला सुरुवात होते.

त्या डिस्कवर काय नसतं? नीटच्या प्रवेशासाठी स्कॅन केलेली गुणपत्रकं, नॉन-क्रीमी लेयरचे दाखले, पीक विम्याच्या पावत्या, सातबाऱ्यांच्या पीडीएफ. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीच्या निमित्ताने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हापासून निजामकाळातल्या उर्दू आणि मोडी कागदांच्या प्रतींनाही मोल आलं आहे. असं एखादं फोल्डर निवडून आपण कट करतो, नव्या जागी पेस्ट करतो आणि पडद्यावर चौकट येते: ‘ॲक्सेस डिनाइड’. दुकानातल्या भाषेत सांगायचं तर, “फाइल दिसायलीय, पण हलंना गेलीय.”

अशा वेळी पहिला संशय व्हायरसवर जातो, दुसरा डिस्कवर आणि तिसरा विंडोज टाकून देणाऱ्यावर. बहुतेक वेळा तिघंही निर्दोष असतात. संगणक आपलं काम चोख करत असतो. त्याच्या दप्तरी ती फाइल तुमच्या नावावर नसते, एवढंच. ती नोंद कुठे असते, कशी वाचायची, कधी बदलायची आणि कधी तिला मुळीच हात लावायचा नाही, ते या प्रकरणात पाहू.

मालकी आली कुठून

संगणक एकट्याचा होता तोवर मालकीचा प्रश्न नव्हता. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत फर्नांदो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सीटीएसएस’ ही प्रणाली चालवून दाखवली. एकाच यंत्रावर अनेक जण एकाच वेळी काम करू लागले आणि प्रत्येकाच्या फायली वेगळ्या ठेवायला पासवर्ड आले. साठच्या दशकातच या प्रणालीत एक फजिती झाली. सगळ्यांना दाखवायच्या सूचनेची फाइल आणि पासवर्डांची फाइल यांची अदलाबदल झाली आणि यंत्रावर येणाऱ्या प्रत्येकाला सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड दिसले. पुढच्या ‘मल्टिक्स’ प्रणालीत प्रत्येक फाइलसोबत परवानग्यांची यादीच ठेवण्याची पद्धत आली. युनिक्सने ती आटोपशीर केली: मालक, त्याचा गट आणि बाकीचे, या तिघांना वाचण्याचा, लिहिण्याचा आणि चालवण्याचा हक्क. लिनक्समध्ये आजही मूळ व्यवस्था हीच आहे.

घरगुती विंडोजमध्ये मात्र हे काही नव्हतं. विंडोज ९५ आणि ९८ ज्या फॅट पद्धतीने डिस्कवर फायली मांडायचे, तिच्यात मालकाचं नाव लिहायला जागाच नव्हती. जुलै १९९३ मध्ये आलेल्या विंडोज एनटीसोबत एनटीएफएस ही नवी मांडणी आली आणि तिच्यात प्रत्येक फाइलसोबत मालक आणि परवानग्यांची यादी जोडली गेली. पण एनटी कंपन्यांपुरतं राहिलं. ते घराघरांत पोचलं २००१ च्या विंडोज एक्सपीमुळे. महाराष्ट्रात एमएस-सीआयटीचं पर्व सुरू झालं तेही याच सुमारास. पण एक्सपीमध्ये पहिलं खातं आपोआप ॲडमिनिस्ट्रेटरचं व्हायचं आणि एक्सपी होम आवृत्तीत तर ‘सिक्युरिटी’चा टॅब सेफ मोडमध्ये गेल्याशिवाय दिसायचाही नाही. त्यामुळे कट-पेस्ट शिकलेल्या एका अख्ख्या पिढीला फाइलला मालक असतो हे कळायचं कारणच पडलं नाही. २००७ मध्ये व्हिस्टा आलं, ‘करू का?’ असं विचारणारी चौकट दर थोड्या वेळाने येऊ लागली आणि तेव्हा हा सगळा मामला उघड झाला.

मराठवाड्यातल्या वाचकाला ही व्यवस्था सातबाऱ्यावरून चटकन समजेल. सातबाऱ्यावर भोगवटादाराचं नाव असतं आणि ‘इतर हक्क’ या रकान्यात बाकीच्यांचे हक्क आणि बोजे. फाइलच्या नोंदीतही एक ‘ओनर’ असतो आणि खाली यादी असते: कोणी वाचावं, कोणी बदलावं, कोणी पुसावं. शेत तुम्ही रोज पाहता, बांधावरून जाता, म्हणून ते तुमच्या नावावर होत नाही. फाइल पडद्यावर दिसते म्हणून ती हलवता येईलच असंही नाही.

नाव तेच, क्रमांक वेगळा

आता जुन्या डिस्कचं कोडं सुटतं. जुन्या संगणकावर खात्याचं नाव ‘ऑफिस’ होतं. नव्यावरही ‘ऑफिस’च ठेवलं, पासवर्डही तोच. तरी नकार का? कारण विंडोज नाव पाहतच नाही. ते पाहतं एक लांबलचक ओळखक्रमांक, ज्याला एसआयडी म्हणतात. विंडोज नव्याने टाकताना ते त्या मशीनसाठी एक यादृच्छिक क्रमांक तयार करतं आणि प्रत्येक खात्याला त्यापुढे एक शेपूट जोडतं. मूळच्या ॲडमिनिस्ट्रेटरचं शेपूट ५००, पाहुण्या खात्याचं ५०१ आणि आपण तयार केलेल्या खात्यांची १००० पासून पुढे. फॉरमॅट मारून विंडोज पुन्हा टाकलं की हा क्रमांक बदलतो. जुन्या फायलींवर मात्र जुनाच क्रमांक राहतो.

अशा फोल्डरचा सिक्युरिटी टॅब उघडला तर ‘अकाउंट अननोन’ असं लिहिलेलं दिसतं आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारी आकड्यांची रांग. ज्याच्या नावावर नोंद आहे ते खातं आता कुठेच अस्तित्वात नाही. फाइल शाबूत आहे, डेटा शाबूत आहे, वारसाची नोंद तेवढी व्हायची आहे.

दुसरी तक्रार: “मी तर ॲडमिनिस्ट्रेटर आहे, मग मला का अडवतं?” व्हिस्टापासून ॲडमिनिस्ट्रेटर खात्यालाही रोजच्या कामासाठी साध्या वापरकर्त्याइतकेच अधिकार दिले जातात. पूर्ण अधिकार ‘येस’ दाबल्यावर त्या एका कामापुरते मिळतात. एखादा घातक प्रोग्रॅम चालून गेलाच तर त्याच्या हाती सगळी सत्ता जाऊ नये, हा त्यामागचा हेतू आहे.

कॉपी आणि कट यांत फरक आहे

दोन्ही कामं एकसारखी दिसतात, पण त्यांना लागणारे हक्क वेगळे आहेत. कॉपी करायला मूळ फाइल वाचण्याचा हक्क आणि नव्या जागी लिहिण्याचा हक्क पुरतो. हलवायचं म्हटलं की मूळ जागेवरून ती पुसण्याचाही हक्क लागतो. म्हणून फाइल उघडते, छापता येते, पण कट-पेस्ट होत नाही, असा प्रकार घडतो.

एकाच ड्राइव्हमध्ये, म्हणजे डी ड्राइव्हच्या एका फोल्डरमधून दुसऱ्यात फाइल हलवली तर तिचा डेटा जागचा हलतच नाही. फक्त पत्ता बदलतो. म्हणून पाच जीबीचा व्हिडिओही क्षणात ‘हलतो’. डी वरून ई वर हलवताना मात्र आधी कॉपी होते आणि मग मूळ फाइल पुसली जाते. पुसण्याचा हक्क नसेल तर काम अर्ध्यावर थांबतं आणि दोन्हीकडे फायली राहतात.

यातून आणखी एक भानगड होते. कॉपी केलेली नवी फाइल ज्या फोल्डरमध्ये जाते त्या फोल्डरचे नियम घेते. एकाच ड्राइव्हमध्ये हलवलेली फाइल सहसा आपले जुने नियम सोबत घेऊन जाते. कार्यालयात चार संगणक जोडलेले असतात. तुम्ही तुमच्या खासगी फोल्डरमधून एक फाइल सगळ्यांच्या फोल्डरमध्ये हलवता आणि शेजारच्या टेबलावर ती उघडत नाही. बाकीच्या फायली उघडतात, हीच एक नाही. कारण ती अजून जुन्या नियमांखाली आहे. हलवण्याऐवजी कॉपी केली असती तर अडचण आली नसती. शिवाय नेटवर्कवरच्या फोल्डरला परवानग्यांच्या दोन याद्या असतात, एक शेअरिंगची आणि एक एनटीएफएसची. दोन्हींपैकी जी कडक, ती चालते.

दुरुस्ती, क्रमाने

पहिलं काम म्हणजे संदेश पूर्ण वाचणं. विंडोजच्या आतल्या हिशेबात परवानगी नाकारल्याचा क्रमांक ५ आहे आणि फाइल दुसऱ्या प्रोग्रॅमने धरून ठेवल्याचा ३२. दोन्ही वेळा फाइल हलत नाही, पण इलाज वेगवेगळे. चौकटीत ‘फाइल इन यूज’ किंवा ‘ओपन इन’ असं काही असेल तर मालकीच्या वाटेला जाऊच नका. वर्ड, एक्सेल, पीडीएफ रीडर बंद करा. प्रिव्ह्यू पेन उघडा असेल तर तोही बंद करा. तरीही सुटत नसेल तर मशीन रीस्टार्ट करून दुसरा कुठलाही प्रोग्रॅम न उघडता फाइल हलवा. बरीच प्रकरणं इथेच मिटतात.

‘डेस्टिनेशन फोल्डर ॲक्सेस डिनाइड’ असेल तर दोष मूळ फाइलचा नाही, जिथे न्यायची त्या जागेचा आहे. सी ड्राइव्हच्या मुळाशी किंवा प्रोग्रॅम फाइल्समध्ये डेटा ठेवायचा हट्ट सोडा. डॉक्युमेंट्समध्ये किंवा डी ड्राइव्हवर स्वतः तयार केलेल्या फोल्डरमध्ये ठेवा. कधी कधी डॉक्युमेंट्समध्येही एखाद्या स्कॅनरच्या प्रोग्रॅमला फाइल लिहिता येत नाही. तेव्हा विंडोज सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस’ सुरू आहे का ते पाहा. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने जगभर फायली बंदिस्त केल्या. त्याच वर्षी आलेली ही सोय अनोळखी प्रोग्रॅमना महत्त्वाच्या फोल्डरात लिहू देत नाही. ती बंद करू नका, तुमचा विश्वासाचा प्रोग्रॅम तिच्या यादीत घाला.

फाइल उघडत असेल आणि फक्त हलत नसेल, तर कॉपी करा. नवी प्रत तुमच्या नावावर होते आणि काम संपतं.

उघडतच नसेल तर फोल्डरवर दोनदा क्लिक केल्यावर ‘कंटिन्यू’चं बटण येतं का पाहा. ते दाबल्यावर विंडोज त्या फोल्डरच्या यादीत तुमचं नाव कायमचं घालतं. फायली जास्त असतील तर वेळ लागतो. वर पत्त्याच्या पट्टीत हिरवी रेघ सरकत असताना मशीन बंद करू नका.

त्यानेही काम झालं नाही तर मालकी बदलायची. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड. वर ‘ओनर’ दिसेल, त्यापुढे ‘चेंज’. आपल्या खात्याचं नाव लिहून ‘चेक नेम्स’ दाबा, ओके करा आणि ‘रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स’ या ओळीसमोर टिक करा. ती राहिली तर वरचं फोल्डर तुमचं होतं आणि आतल्या फायली जुन्याच मालकाच्या राहतात. मग सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा तिथेच या आणि यादीत स्वतःला ‘फुल कंट्रोल’ द्या. मालक झालात म्हणजे फाइल वाचता आलीच असं नाही. मालकाला यादी बदलण्याचा हक्क मिळतो. हक्क लावून घेणं ही दुसरी पायरी आहे, आणि बरेच जण पहिल्याच पायरीवर थांबून ‘काहीच फरक पडला नाही’ म्हणतात.

यादीत ‘डिनाय’ अशी नोंद असेल तर ती आधी पाहा. त्याच फोल्डरवर थेट लावलेला डिनाय कुठल्याही परवानगीला भारी पडतो. ‘एव्हरीवन’ला डिनाय लावला की त्यात ॲडमिनिस्ट्रेटरही आला. सहकाऱ्याने फाइल पुसू नये म्हणून कोणी असा डिनाय लावतो आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच बाहेर उभा राहतो.

हजारो फायलींसाठी रोबोकॉपी ही विंडोजसोबतच येणारी सोय चांगली. ती मुळात डेटा, गुणधर्म आणि तारखा नेते, परवानग्यांची यादी नेत नाही, म्हणून जुन्या मालकाचं ओझं सोबत येत नाही. तिचा एक स्वभाव मात्र माहीत हवा. एखादी फाइल नाकारली गेली तर ती दर ३० सेकंदांनी, दहा लाख वेळा पुन्हा प्रयत्न करते. हिशेब केला तर एका फाइलपायी सुमारे ३४७ दिवस. पुन्हा प्रयत्नांचा आकडा एक-दोनवर आणूनच ती चालवावी.

जिथे हात लावायचा नाही

काही नकार हे नियमच आहेत. पेनड्राइव्हवर किंवा डी ड्राइव्हवर दिसणारं ‘सिस्टिम व्हॉल्यूम इन्फॉर्मेशन’ हा व्हायरस नव्हे. ते विंडोजचं स्वतःचं दप्तर आहे. सी ड्राइव्हवरचं ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे तर खरं फोल्डरच नाही. एक्सपीच्या काळातले प्रोग्रॅम त्या नावाने पत्ता शोधतात, त्यांना नव्या पत्त्यावर पाठवणारी ती पाटी आहे आणि आपल्याला ती उघडू न देणं हे मुद्दाम ठरवलेलं आहे. विंडोज फोल्डरमधल्या बऱ्याच फायलींचा मालक ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ असतो. त्याच्याकडून मालकी काढून घेतली की पुढची अपडेट्स अडखळतात. संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी एका फटक्यात घेऊन देणारी ‘ट्रिक’ कोणी दाखवली तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मालकी मिळूनही न उघडणाऱ्या फायली

विंडोजच्या प्रो आवृत्तीत फाइल एन्क्रिप्ट करण्याची सोय आहे. अशा फाइलच्या चित्रावर छोटं कुलूप दिसतं, विंडोज ७ मध्ये तिचं नाव हिरवं दिसायचं. तिला उघडणारं प्रमाणपत्र जुन्या खात्यात असतं. फॉरमॅटमध्ये ते गेलं आणि त्याची प्रत काढून ठेवली नव्हती, तर मालकी घेऊन काही उपयोग नाही. बिटलॉकरने बंद केलेल्या डिस्कला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं असेल तर ती तिथे जतन झालेली असू शकते. म्हणून जुनं मशीन चालू असतानाच, फॉरमॅटच्या आधी, या दोन गोष्टी तपासायच्या.

मराठी नावांची एक खास अडचण आहे. विंडोजमध्ये ड्राइव्हपासून फाइलपर्यंतचा पूर्ण पत्ता परंपरेने २६० वर्णांत बसावा लागतो आणि त्यात काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळे वेगळे मोजले जातात. ‘नांदेड’ आपल्याला तीन अक्षरी वाटतं, संगणकाला ते सहा वर्णांचं आहे. ‘महाराष्ट्र’ दहा वर्णांचं. लिनक्सच्या नेहमीच्या मांडणीत एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचा एक वर्ण तीन बाइट खातो, म्हणजे ८५ वर्णांत नाव संपवायचं. फोल्डरात फोल्डर, त्यात विद्यार्थ्याचं पूर्ण नाव, गाव, तालुका, जिल्हा असं लिहीत गेलात तर पत्ता मर्यादेबाहेर जातो आणि फाइल हलत नाही. नाव आखूड करा, काम होतं.

पेनड्राइव्ह फॅट३२ चा असेल तर ४ जीबीची किंवा त्याहून मोठी फाइल त्यावर जातच नाही. मेमरी कार्डाच्या बाजूची बारीक खिट्टी खाली असेल तर काहीच लिहिलं जात नाही. मोबाइलवर २०२० च्या अँड्रॉइड ११ पासून ‘अँड्रॉइड/डेटा’ या फोल्डरात साध्या फाइल मॅनेजरला शिरता येत नाही. ही परवानगी आपण मागून मिळत नाही. ज्या ॲपच्या फायली आहेत, सहसा त्या ॲपमधूनच बाहेर काढाव्या लागतात.

जमतं म्हणजे चालतं असं नाही

मालकी बदलण्याचं हे तंत्र दहा मिनिटांत शिकता येतं, म्हणूनच शेवटची गोष्ट महत्त्वाची. स्वतःच्या जुन्या डिस्कवर ते करणं वेगळं आणि कार्यालयाच्या, महाविद्यालयाच्या किंवा गिऱ्हाइकाच्या मशीनवर करणं वेगळं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ नुसार मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय संगणकात शिरणं नुकसानभरपाईला पात्र आहे आणि लबाडीच्या हेतूने केलं तर कलम ६६ खाली गुन्हा आहे. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने लोकांची कागदपत्रं सांभाळणाऱ्यांवर जबाबदारी टाकली आहे. ऑनलाइन सेंटरच्या डिस्कवर शेकडो मुलांची आधारकार्डं पडून असतात. तिथे कटकट नको म्हणून ‘एव्हरीवन’ला ‘फुल कंट्रोल’ देऊन ठेवणं हा आळस आहे, आणि त्याची किंमत दुसऱ्याला मोजावी लागू शकते. त्या मशीनवर उद्या खंडणीखोर व्हायरस आला तर ज्या ज्या फाइलवर लिहिण्याचा हक्क आहे, त्या सगळ्या तो बंदिस्त करील.

तेव्हा क्रम असा ठेवा: संदेश वाचा, उघडे प्रोग्रॅम बंद करा, कट न करता कॉपी करा आणि मालकीला शेवटी हात घाला, तोही फक्त आपल्या फोल्डरपुरता. कॉपी झाली की दोन्हीकडच्या फायलींची संख्या आणि आकार जुळवा, पाच-सहा फायली प्रत्यक्ष उघडून पाहा. आणि जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. निदान एक प्रवेशाचा हंगाम संपेपर्यंत ती कपाटात राहू द्या.